बाविसावी पहार

२२ सप्टेंबर १९८८. मुक्काम अष्टमी, तालुका रोहा

आढावा हवा म्हणे! लतिका सकाळच्या गाडीने पेणहून आली, हातात पेढ्यांचा पुडा, आणि टेकायच्या आधीच काम सांगितलं. माझी सख्खी पुतणी, पण आता हायस्कुलात भूगोल शिकवते. घरच्यांशी बोलतानाही हातात छडी असल्यासारखी बोलते. नववीच्या मुलांसाठी त्यांची शाळा एक पुस्तिका काढते आहे. भारतातील लोहखनिज उद्योग. वीस पानं, दिवाळीच्या सुट्टीआधी.

म्हणाली, काका, तुम्ही गोव्याच्या खाणीत अकरा वर्षं काढलीत. पुस्तकं वाचून लिहिणाऱ्याला तुमच्याएवढं काय कळणार?

मी सांगितलं की मी कारकून होतो. हजेरी मांडायचो, बारांची वही ठेवायचो — किती भोकं पाडली, किती सुरुंग भरले, किती उडाले. खाण खणली ती दुसऱ्यांनी. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वत्सला स्वयंपाकघरातून म्हणाली, घ्या हो लिहायला, नाहीतरी दिवसभर वर्तमानपत्रावर चिडत बसता. घरचीच माणसं फितूर झाल्यावर काय करणार. हो म्हणालो.

२४ सप्टेंबर

चार पानं झाली. आकडे कसे भराभर येतात! स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात वर्षाला पंचवीस-तीस लाख टन खनिज निघत होतं. आज पाच कोटींच्या घरात. त्यातलं निम्म्याहून जास्त बोटीत बसून परदेशी जातं, बरंचसं जपानला. सिंगभूम, केओंझर, बैलाडिला, बेल्लारी-होस्पेट, कुद्रेमुख, गोवा. आपल्याकडे चांद्याच्या बाजूला आणि खाली रेडीला. तांबडा दगड तो हेमॅटाइट, काळा तो मॅग्नेटाइट. उत्तम दगडात शंभरात पासष्ट भाग लोखंड. गोव्याचा माल त्याहून हलका, पण नदी दाराशी आणि समुद्र जवळ, म्हणून खपतो.

हे सगळं मुलांना पाठ करता येईल. पण वजन कसं कळणार त्यांना? तेवढ्यासाठी एक वाक्य घातलं — खनिजाचं घमेलं मातीच्या घमेल्याच्या दुप्पट जड असतं, आणि ते डोक्यावर घेतलेल्या बाईला हाक मारली तर ती मान वळवत नाही, अख्खी वळते. लतिका बहुतेक हे काढून टाकणार. मी भांडणार आहे.

२७ सप्टेंबर

पेणला जाऊन आलो. गणपती गेले, मूर्तींचे कारखाने ओस पडलेत. लतिकाच्या गल्लीत एका कारखान्यात म्हातारे कारागीर गेरूचा डबा धूत बसले होते. हात कोपरापर्यंत लाल. मी उभा राहिलो तर म्हणाले, काय बघताय, गेरू हाय. मला माहीत आहे गेरू म्हणजे काय. तीच लोखंडाची माती. आमची अंथरुणं, आमच्या चपात्या, आमची थुंकी त्या रंगाची होती. गोवा सोडून आल्यावर वत्सला दोन वर्षं माझे सदरे वेगळे धूत असे.

लतिकाने पानं वाचली. घमेल्याची बाई ठेवली, बरं वाटलं. यंत्रांवर लिहा म्हणाली. पूर्वी पहार, कुदळ आणि माणूस होता, आता फावडंवाली यंत्रं आली, तो फरक दाखवा. आणि मग उठता उठता —

"काका, अपघातांवर एक परिच्छेद हवा. अभ्यासक्रमात सुरक्षितता आहे."

परतीच्या गाडीत निडी स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड केलं.

२८ सप्टेंबर

यंत्रांचं पान झालं. बंदरांचं झालं.

३० सप्टेंबर

लिहिलं नाही. पेनात शाई होती, टेबलावर कागद होता, वेळ तर काय, पडलेलाच आहे.

२ ऑक्टोबर

परिच्छेद झाला. पाच मिनिटांत! पहिलंच वाक्य — "खाणींतील बहुतेक अपघात कामगारांच्या निष्काळजीपणामुळे होतात." हात न अडखळता लिहून गेला. मग पुन्हा वाचलं. हे वाक्य माझं नाही. चोवीस वर्षांपूर्वी हैबतराव ठेकेदाराने ते मला तोंडी सांगितलं, मी कागदावर उतरवलं आणि खाली सही केली. तेव्हा त्यात "कामगारांच्या" नव्हतं. एकाचंच नाव होतं. बाबाजी, राहणार निडी, तालुका रोहा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वत्सलालाही नाही. आज इथे लिहितो. लिहिताना चुकवाचुकवी करायची नाही, एवढं ठरवलं आहे.

१९६४. हैबतरावाची टोळी गोव्यात होती, निडी-नागोठण्याकडचे तीस जण. भाताची शेतं भावांवर सोपवून आलेले. मी त्यांच्यातला शिकलेला, म्हणून वह्या माझ्याकडे. खाण पायऱ्यापायऱ्यांची असते. खालची पायरी, वरची, तिच्या वरची. संध्याकाळी सुरुंगवाला बार लावायचा आणि सगळे लांब उभे राहून आवाज मोजायचे. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी वीस वाती पेटवल्या. आवाज एकोणीस झाले. मी वहीत लिहिलं — तिसरी पायरी, एक बार उडाला नाही. सुरुंगवाल्याने त्या भोकाशेजारी एक पहार उभी रोवली, तिला लाल चिंधी बांधली. ही खूण. ती दिसली की त्या जागी हात लावायचा नाही. तो म्हणाला, उद्या-परवा सण, तेरवा बघू.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं, शेतातलं एकूण एक हत्यार धुऊन पूजेला मांडतात. एकही बाहेर राहू द्यायचं नाही. राहिलं तर वर्षभर ते हातात चालत नाही, उलट फिरतं, अशी समजूत. टोळीने गोव्यातही तोच शिरस्ता ठेवला होता. हत्यारं मोजायचं काम अर्थातच माझं. कुदळी भरल्या. घण भरले. पहारी यादीत बावीस, मांडलेल्या एकवीस. नारळ हातात घेऊन तीस माणसं खोळंबलेली, हैबतराव ओरडतोय की एक पहार कुठाय. माझा हिशेब चुकला असं कुणी म्हणायला नको!

मला माहीत होतं कुठे आहे. तिसऱ्या पायरीवर चढलो. पहार उपटली. चिंधी सोडून खिशात घातली. खूण म्हणून भोकाजवळ तीन दगड रचले आणि स्वतःशी म्हटलं, पूजा झाली की संध्याकाळी परत रोवू. दोन दिवस वर कोण जाणार आहे? पहार धुतली, बाविसावी म्हणून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. हैबतरावाने माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी रोवली नाही. दसऱ्याला आपट्याची पानं वाटली, म्हापशाला गेलो, पावसाची एक जोरदार सर आली. दगडांची मला आठवणही झाली नाही.

एकादशीला सकाळी काम सुरू. मी ऑफिसात हजेरी मांडत होतो. बाबाजीची तुकडी तिसऱ्या पायरीवर. पावसाने माझे दगड कधीच गडगडले होते. तिथे एक तयार भोक दिसलं. भोक आधीचं असलं की नवं पाडायचे श्रम वाचतात, सगळेच तसं करायचे. आणि खूण नाही तर धोका नाही — हे त्याला मीच शिकवलं होतं, बोट दाखवून दाखवून. ते साफ करायला त्याने भोकात पहार घातली.

आवाज झाला तेव्हा सवयीने मी मनात मोजला. वीस.

आता जे लिहायचं ते यापेक्षा वाईट. सगळे त्याच्याकडे धावले. मी कोठीत धावलो. बाविसावी पहार उचलली, वर गेलो आणि धुरळा बसायच्या आत ती भोकाच्या जागी उभी केली. खिशातली चिंधी तिला बांधली. कुंकू पुसायचं राहिलं, ते मला रात्री आठवलं. तोवर पहार तिथून कुणीतरी नेली होती. कोणी ते मी विचारलं नाही. टोळीतला गुणाजी बाबाजीला उचलायला सगळ्यात आधी पोचला होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं.

दुपारी हैबतरावाने अहवाल सांगितला. खूण जागेवर होती, मी स्वतः पाहिली. मयत कामगाराने दुर्लक्ष केले. आदल्या दिवशीची दारू उतरली नव्हती. बाबाजी दारूला शिवत नसे! दसऱ्याला सगळी टोळी पीत होती आणि तो त्यांना वाढत होता. मी लिहिलं. सही केली, दामोदर, खाली तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

३ ऑक्टोबर

कालचं वाचलं. एकही शब्द खोटा नाही. त्याने हलकं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

६ ऑक्टोबर

पितृपक्षातली एकादशी. निडीला जाऊन आलो.

बाबाजीच्या तिथीला त्याची बायको हौसा मला दरवर्षी जेवायला बोलावते. पहिल्या वर्षापासून. मीच त्याच्या अस्थी आणि कपड्यांचं गाठोडं तिच्या दारात नेऊन दिलं होतं, त्याची घरची पत्रं लिहून देत होतो, म्हणून मान देते, असं मी धरून चाललो. पाट मांडते, पहिलं पान मला वाढते. कान्हू तेव्हा तीन वर्षांचा होता. आता सत्तावीसचा, धाटावला कंपनीत फिटर आहे, शिफ्ट करून आला तरी माझ्या पाया पडतो. त्याने पाया पडावं आणि मी आशीर्वाद द्यावा!

आज नवीन कळलं. वडखळकडची मुलगी सांगून आली होती, पसंती झाली, आणि मुलीच्या बापाने नकार कळवला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की ह्याचा बाप दारूच्या नशेत सुरुंगावर मेला. कागदोपत्री आहे म्हणे. हे दुसऱ्यांदा झालं. कान्हू खाली मान घालून जेवत होता. तो स्वतः कधी थेंबालाही शिवलेला नाही, हे साऱ्या निडीला ठाऊक आहे, तरी.

पाणी पिऊन पिऊन घास ढकलले.

कान्हूकडून तिला पुस्तिकेचं कळलं होतं. म्हणाली, वाचून दाखवा. पिशवीत पहिली पानं होती. पदर सावरून खांबाला टेकून ऐकत बसली. घमेल्याची बाई आली तिथे मान हलवली. मग म्हणाली —

"मानसं मेली त्येंचं काय लिवलंय, भाऊ?"

ते राहिलंय, म्हणालो.

"लिवा. सावकास लिवा."

सांगायला गेलो होतो. घरातून निघताना पूर्ण ठरवून निघालो होतो. स्टेशनपर्यंत कान्हू सोडायला आला, गाडी वीस मिनिटं उशिरा होती, वीस मिनिटं आम्ही दोघंच बाकावर. तेव्हाही नाही.

८ ऑक्टोबर

परिच्छेद खोडला. नवा लिहिला. दोन पानं झाली. १९६४, तिसरी पायरी, वीस वाती, एकोणीस आवाज, बावीस पहारी. पहार कोणी काढली, परत कोणी रोवली, अहवालात खोटं काय होतं. बाबाजी प्यालेला नव्हता, हे वेगळ्या ओळीत. खाली सही केली. पुस्तिकेतल्या परिच्छेदाखाली कुणी सही करतं का? मी केली.

११ ऑक्टोबर

लतिका घटस्थापनेसाठी आली होती. पानं दिली. दोनदा वाचली. चष्मा काढून पदराने पुसत बसली. मला वाटलं रडणार, पण ती रडणारी नव्हे.

शाळा हे छापणार नाही, असं आधी म्हणाली. मग म्हणाली, निदान तुमचं नाव तरी काढूया काका, आपलं आडनाव एकच, सगळं पेण ओळखेल. मी सांगितलं, बाबाजीचं नाव चोवीस वर्षं कागदावर आहे, माझं थोडं राहू दे. कुद्रेमुख काढ, जपान काढ, हे काढायचं नाही. नाहीतर अख्खी पुस्तिका मला परत दे.

जाताना चपला घालता घालता म्हणाली —

"आधी बाबाजींच्या बायकोला वाचून दाखवा. त्या हो म्हणाल्या, तर मी मुख्याध्यापकांशी भांडते."

पोर शहाणी आहे. मला सुटायला जागा ठेवली नाही तिने.

१४ ऑक्टोबर

वत्सलाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सांगत राहिलो, ती निवडत राहिली. सगळं संपल्यावर सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, निडीहून जेवून आलात की दोन दिवस तुम्ही घरात नीट जेवत नव्हता. मला वाटायचं, तिथलं तिखट तुम्हाला सोसत नाही.

मग उठून आत गेली. माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल. नाही बोलली तरी तिचा हक्क आहे.

१७ ऑक्टोबर

कान्हूला बुधवारी सुट्टी आहे. दोघांसमोर वाचायचं तर तोच दिवस. बुधवारी खंडेनवमी! चोवीस वर्षांत त्या दिवशी मी निडीला पाऊल ठेवलेलं नाही. त्या दिवशी मी आमच्या घरची हत्यारंही मांडत नाही, वत्सला मांडते. दिवस पुढे ढकलावा असं वाटलं. भीती वाटते, खरं सांगायचं तर. तिने तोंडावर दार लावलं तर? कान्हूने हात उचलला तर उचलू दे. पण तिने पाट मांडायचं थांबवलं तर मी काय करीन ते मला माहीत नाही.

१८ ऑक्टोबर

पानं पिशवीत घातली. सकाळची गाडी. वत्सला एवढंच म्हणाली, चष्मा घ्या.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी. निडी स्टेशन, परतीच्या गाडीची वाट बघत

अंगण सारवलेलं. पाटावर फाळ, कोयते, विळे, कुदळ, कान्हूचे फिटरकामाचे पाने, शेजारी सायकल. सगळ्यांना झेंडू, हळदकुंकू. आणि कुंपणाबाहेर, बांधावर, एक पहार उभी रोवलेली. तिला लाल चिंधी.

मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. हौसावहिनी बाहेर आल्या.

"ती आत घेत नाय आमी," म्हणाल्या. "गुणाजीनं खानीतनं आनली तवा तिला पुजंचं कुंकू व्हतं."

म्हणजे पहिल्या वर्षापासून माहीत! मी विचारलं, मग मला पाटावर का बसवलंत, इतकी वर्षं?

"कागदावर सही तुमची. गुणाजीचं कोन ऐकनार? कंदी तरी तुमीच सांगाल, म्हून बोलवत व्हते." मग आत वळून हाक मारली, "कान्हू, हितं येऊन बस. भाऊ तुज्या बापाचं वाचतायत."

वाचलं. सगळं, खालच्या सहीसकट.